भांग, मायावी बायका आणि फुकेतचा समुद्र

आत्याचा फोन ताईला आला आणि ताईनं तो स्पीकरवर टाकला. "काहून बाप्पा, तिकडं त्सुनामी येऊन राहिली, बॉम्ब फुटून राहिले, अन् तुम्ही पोट्ट्याले घेऊन चालले?" जिजाजींनी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातलं फुकेतचं पॅकेज काढलं होतं. जाणारे आम्ही सहा जण: आई, साखर आणि बीपी दोन्ही असलेले बाबा, ताई, जिजाजी, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा आणि मी. आमच्या घरातून आजवर कोणी देशाबाहेर गेलेलं नाही. कळमेश्वरातून नागपूरच्या विमानतळावर आम्ही गेलो आहोत, पण दुसऱ्यांना सोडायला.

पुढचे पंधरा दिवस घरात जी चर्चा झाली तिला मी मनातल्या मनात 'धोक्याची पंचायत' असं नाव दिलं. आत्या बॉम्बबद्दल बोलायची, बाबा विमानाबद्दल, आई खाण्याबद्दल, जिजाजी पैशांबद्दल. प्रत्येकाकडे एक बातमी होती. मी घरातला वाचणारा, म्हणून माझ्याकडे पुस्तकं होती. मराठीत प्रवासवर्णनांची कमी नाही. शंभरेक वर्षांत आपली माणसं जगभर फिरून आली आणि त्यांनी भरभरून लिहिलं. मग लहान पोर आणि आजारी म्हातारा सोबत घेऊन परक्या समुद्राकाठी जाताना घाबरायचं कशाला आणि कशाला नाही, हे त्या ढिगात कुठेतरी असेलच, असं मला वाटलं. त्या शोधात जे वाचलं, त्याचा हा हिशोब.

सुरुवात सगळ्यात जुन्यापासून केली आणि तिथेच सगळ्यात जास्त सापडलं.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १८५७ चं म्हणून आपण वाचतो. झाशी, राणी लक्ष्मीबाई, वेढा, कत्तल. शाळेत त्याचा उल्लेख झाला तोही तसाच. पण पहिली काही पानं नीट वाचा. ती एका घरातल्या पंचायतीची आहेत. पेणजवळचं वरसई गाव, घरात दारिद्र्य, डोक्यावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं कानावर आलेलं. मुलाला जायचंय, वडील नको म्हणतात. त्यांच्या आक्षेपाचा सारांश असा: मुलूख दूरचा, तिकडचे लोक भांग पितात आणि तिकडच्या बायका मायावी असतात. मुलगा समजूत घालतो, काका सोबत असतील हे ठरतं, मग परवानगी मिळते.

आणि ही माणसं निघतात कधी? १८५७ साली. महूच्या वाटेवर त्यांना पलटणीतले शिपाई भेटतात आणि आता काय होणार आहे ते सांगतात. मागे फिरायचं की पुढे जायचं, याचा विचार होतो आणि ते पुढे जातात. पुढे लूट आहे, उपास आहे, ह्यू रोजच्या फौजेनं घातलेला झाशीचा वेढा आहे, गाव पडल्यावरचे दिवस आहेत. वडिलांनी ज्या दोन गोष्टींची भीती घातली होती, त्या दोन्ही सोडून बाकी जवळजवळ सगळं घडतं.

आत्याचा फोन झाल्यावर हे वाचलं आणि मी बराच वेळ हसलो. मग हसू थांबलं, कारण त्या वडिलांना हसण्यासारखं काहीच नाही. माणूस घाबरायला शिकतो तो ऐकलेल्या गोष्टींतून. वरसईत उत्तरेकडच्या मुलखाबद्दल जे ऐकू येत होतं, त्यात भांग होती. आमच्या घरात थायलंडबद्दल जे ऐकू येतं त्यात २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आहे. शेजारच्या बालीबद्दल १२ ऑक्टोबर २००२ चे स्फोट आहेत, ज्यांत २०२ माणसं गेली. श्रीलंकेचं नाव काढलं की २१ एप्रिल २०१९ चा ईस्टर. हे सगळं खरं आहे, भयंकर आहे. पण आत्याला थायलंडची एवढीच गोष्ट माहीत आहे, आणि जेवढी गोष्ट माहीत तेवढीच भीती.

गोडसे भटजींचं मला मोठं वाटतं ते हे, की त्यांनी ती पंचायत लिहून ठेवली. पुस्तक लिहिलं तोवर बरीच वर्षं उलटली होती, ते छापून आलं १९०७ साली. इतक्या काळानंतर, झाशी पाहून आलेल्या माणसानं वडिलांचे भांगेबद्दलचे शब्द गाळले असते तरी कोणाचं काही अडलं नसतं. त्यांनी गाळले नाहीत. शेवटी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते परततात आणि आईवडिलांना त्या पाण्यानं स्नान घालतात, तेव्हा आपल्याला आठवतं की ही सगळी गोष्ट एका घरातून सुरू झाली होती आणि त्या घरात कोणीतरी वाट बघत होतं.

त्यानंतरच्या प्रवासवर्णनांतून ते घर हळूहळू नाहीसं होतं.

'पूर्वरंग' घ्या. पु. ल. देशपांड्यांचं हे पुस्तक १९६३ चं, आपल्या पूर्वेकडच्या देशांतल्या भटकंतीचं. पुलं आणि सुनीताबाई, दोघंच. मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं तेव्हा बाली डोक्यात बसलं ते तिथल्या संगीतानं आणि नाचानं. अजूनही तसंच बसलेलं आहे, आणि ज्याला ते आवडत नाही त्याच्याशी मला वाद घालायचा नाही. पण या वेळी मी कागद घेऊन बसलो होतो आणि काळजी कोण करतंय ते शोधत होतो. पुलंच्या गद्यात काळजी आली की तिचा विनोद होतो. सामान, पैसे, परकं जेवण, हरवण्याची भीती, सगळ्याचं हसू होतं, आणि ते हसू खरंच उत्तम आहे. फक्त एक प्रश्न उरतो: विनोद करणाऱ्याचा पासपोर्ट कोणाच्या पिशवीत होता? सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' १९९० ला आलं, तेव्हा त्या संसारात व्यवस्थेचा भार कोणाच्या खांद्यावर होता ते मराठी वाचकाला कळलं. ते वाचून 'पूर्वरंग' पुन्हा उघडलं की हलकेपणा तसाच राहतो, पण तो कशावर उभा आहे हे दिसायला लागतं. आमच्या घरात बाबांच्या गोळ्यांची डबी आई भरते. बाबा प्रवासात फार मजेदार बोलतात.

आणखी एक योगायोग. 'पूर्वरंग' ज्या वर्षी आलं त्याच १९६३ साली बालीतल्या आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि हजारावर माणसं मेली. पुस्तकाला याचा दोष देता येत नाही, लेखक तोवर परत आला होता. पण पुण्या-मुंबईच्या घरांत पुढची कित्येक वर्षं बाली नाचत राहिलं, यात पुस्तकाचा वाटा आहेच. चांगलं प्रवासवर्णन एखाद्या जागेचं हवामान कायमचं ठरवून टाकतं. आता तेच काम तीस सेकंदांचं रील करतं.

मीना प्रभूंकडे गेलो तेव्हा भीती भेटेल अशी खात्री होती, कारण त्या बहुतेक वेळा एकट्या फिरायच्या आणि 'दक्षिणरंग', 'मेक्सिकोपर्व' ही काही सुखासीन मुलखांची पुस्तकं नाहीत. चौकसपणा आहे, धीर आहे, अडचणीतून वाट काढणं आहे. पण ती एका माणसाची वाट आहे. त्या स्वतः डॉक्टर. शरीर त्यांचं, जोखीम त्यांची, निर्णय त्यांचा. बाईनं एकटीनं जाणं हाच आपल्याकडे मोठा मुद्दा असल्यानं त्यांची पुस्तकं तो मुद्दा लढतात आणि जिंकतात. माझा प्रश्न वेगळा होता. पाच वर्षांच्या पोराला तुम्ही विचारू शकत नाही की बाबा रे, तुला ही जोखीम मान्य आहे का. त्याच्या वतीनं दुसरं कोणीतरी हो म्हणतं.

मी वाचलेल्या मराठी प्रवासवर्णनांत असं पोर जवळजवळ कुठेच नाही. रस्त्यात दिसलेली परकी मुलं आहेत, गोड आहेत. पण लेखकाच्या हाताला धरून चालणारं, मध्येच शी आली म्हणणारं, रात्री दोनला ताप चढणारं पोर नाही. इन्शुलिन थंड ठेवायला हॉटेलात फ्रीज आहे का असं विचारणारा बापही नाही. ज्या काळात मराठी मध्यमवर्ग कुटुंबासकट बाहेर पडायला लागला, त्या काळाचं साहित्य अजून एकट्यादुकट्या धडधाकट माणसाचंच आहे.

ती जागा मोकळी राहिली आणि ती भरून काढली टूर कंपन्यांनी. केसरी १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. त्यांच्या जाहिरातींची भाषा मी एखाद्या कवितासंग्रहासारखी वाचतो, थट्टेनं नाही. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, संध्याकाळी भारतीय जेवण, सोबत आपल्यासारखीच माणसं. स्थळं तर सगळ्यांकडे तीच असतात. विकला जातो तो निर्धास्तपणा. 'सुखरूप' हा शब्द पूर्वी पोचल्याच्या पत्रात असायचा. आता तो निघण्याआधीच पॅकेजमध्ये मिळतो. आमच्या आईला हे आवडतं आणि मी तिला नावं ठेवणार नाही. ज्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांच्या गोळ्या आणि तिकिटं सांभाळली, तिला ते काम आठ दिवस दुसऱ्या कोणाच्या गळ्यात घालायचं असेल, तर घालू दे. पण एक आहे. ही भाषा धोक्याचं नाव घेऊ शकत नाही. धोक्याचं नाव घेतलं की गिऱ्हाईक उठून जातं.

रीलचं उलट. रीलला धोका हवाच असतो, पण देखणा. बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावरचा केलिंगकिंगचा कडा तुम्ही हजार वेळा पाहिला असेल, तो डायनासोरसारखा दिसणारा. खाली पांढरी वाळू. त्या वाळूवरच्या लाटांनी पोहणारी माणसं ओढून नेली आहेत. कड्यावरून काढलेल्या त्या चित्रात लाट म्हणजे एक नाजूक पांढरी रेघ.

मग खरं बोलतं कोण? शोधता शोधता मी जिथे पोचलो ते सांगायला संकोच वाटतो: प्रवास विम्याच्या पॉलिसीतली अपवादांची यादी. बारीक टाइप, भाषा भिकार, पण कुटुंबाच्या सहलीत काय काय होऊ शकतं याची इतकी बारकाईनं केलेली कल्पना मला दुसऱ्या कुठल्या गद्यात दिसली नाही. न सांगितलेला जुना आजार. दारू पिऊन झालेला अपघात. योग्य परवाना नसताना चालवलेली दुचाकी. साहसी खेळ. अशा वेळी बहुतेक पॉलिसी हात वर करतात. प्रत्येक ओळीमागे कुठलं तरी कुटुंब आहे, ज्यांच्यासोबत ते घडलं आणि मग ती ओळ लिहिली गेली.

त्या यादीनं आमच्या पंचायतीचा विषय बदलला. बाबांनी जिजाजींना आधी सांगितलं होतं, "साखरेचं लिहू नको फॉर्मात, उगाच हप्ता वाढवतील." आणि जिजाजींचा बेत होता तिकडे स्कूटर भाड्यानं घ्यायची, ताई मागे, पोरगा पुढे उभा, आपण काटोल रोडवर जातो तसं. आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना काढायचा असतो आणि त्यावर दुचाकीची नोंद असावी लागते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आत्या बॉम्बबद्दल बोलत होती आणि खरा धोका जिजाजींच्या खिशात किल्ली होऊन बसणार होता. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे: रस्त्यांवर जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, आणि ५ ते २९ या वयात मरण्याचं ते पहिलं कारण आहे. थायलंडचे रस्ते, त्यातही दुचाक्या, यासाठी बदनाम आहेत. बॉम्बला चेहरा असतो, स्कूटरला नसतो.

इथे आत्याची बाजूही घ्यायला हवी. परदेश म्हणजे धोका आणि देश म्हणजे घर, हे तिचं गणित २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये मोडलं. तिथे मारल्या गेलेल्या २६ जणांत ६ महाराष्ट्रातले होते, कुटुंबासोबत सुट्टीला गेलेले. त्यानंतर ती काश्मीरचंही नाव काढू देत नाही. तिच्या नकाशावरून एकेक जागा पुसली जाते आहे. आणि तरी, १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार गेले, तेव्हा आमच्या नात्यातल्या कोणीही कोणाला कारखान्यात जाऊ नको म्हटलं नाही. म्हणणार कसं? पोटासाठी पत्करलेल्या धोक्याची पंचायत बसत नाही. गोडसे भटजींना परवानगी मिळाली ती कर्ज होतं म्हणून. त्यांनी वडिलांना सांगितलं असतं की मला मथुरा बघायची हौस आहे, तर भांग जिंकली असती. हौसेला घरात वकील नसतो, म्हणून तिच्याविरुद्ध कुठलीही बातमी चालते.

डासांचंही तसंच. "तिकडं डेंगू असते" असं आईच म्हणाली. कळमेश्वर २१ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या खाली आहे. आपण उष्ण कटिबंधातच राहतो, माय. डेंगू आपल्या कूलरच्या टाकीत असतो.

राहिला समुद्र. त्याबद्दल आमच्या घरात कोणी काहीच बोललं नाही, कारण तो आम्हाला माहीतच नाही. विदर्भातल्या माणसाला विहीर कळते, नदी कळते, तलाव कळतो. समुद्राशी आमची ओळख सिनेमातली. ९ जुलै २०१७ च्या रविवारी आमच्याच भागातल्या वेणा जलाशयात नाव उलटली आणि आठ तरुण बुडाले. थोडा वेळ आधी त्या नावेतून फेसबुकवर थेट चित्रण चाललं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, त्या पाण्यावर आम्हीही गेलेलो, तशाच हौसेनं, तसेच फोन काढून. लाइफ जॅकेट हा शब्दसुद्धा त्या दिवशी आमच्यातल्या कोणाच्या तोंडात आल्याचं आठवत नाही. ते स्थिर पाणी होतं, घरापासून जवळचं.

जगात २०२१ साली सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांच्या आतली मुलं, हा आकडाही त्याच आरोग्य संघटनेचा. आमचा भाचा पाच वर्षांचा आहे.

आणि मग पॅकेज स्वस्त का आहे, हे कळलं. फुकेत अंदमान समुद्रावर आहे. साधारण मे ते ऑक्टोबर तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, आपलाच पाऊस, आपल्या आधी पोचलेला. पश्चिमेच्या किनाऱ्यांवर लाटा चढतात, किनाऱ्यापासून दूर ओढणारे प्रवाह तयार होतात, लाल झेंडे लागतात. ५ जुलै २०१८ ला याच मोसमात फुकेतजवळ पर्यटकांची बोट बुडाली आणि ४७ जण गेले. हवामानाचा इशारा होता, तरी बोट निघाली होती. आपल्या शाळांना सुट्टी मे मध्ये, म्हणून आपण मे मध्ये निघतो, आणि तेव्हा हॉटेलं रिकामी असतात म्हणून दर पडलेले असतात. तारीख हाच आमच्या सहलीतला सगळ्यात मोठा धोका होता आणि ती तारीख पॅकेजच्या पहिल्या पानावर सवलतीच्या पिवळ्या पट्टीत छापलेली होती. कोणाही पंचाला ती दिसली नाही. मलाही नाही. मी 'पूर्वरंग' वाचत होतो.

आता बालीचं बघणं चालू आहे, कारण मे मध्ये तिथे कोरडे दिवस असतात. पण तिथेही कुटाच्या बाजूला मोठ्या लाटा. सानूरच्या पुढे प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं पाणी उथळ आणि शांत. माकडांच्या जंगलात पोराला न्यायचं का, यावर अजून एकमत नाही. रामटेकच्या माकडांशी त्याची दोस्ती आहे, पण बालीत २००८ पासून रेबीज आहे आणि चावा घेतला तर पुढचे सगळे दिवस इंजेक्शनांच्या मागे जातील. जिजाजी स्कूटरवरून खाली उतरले आहेत, थोडे रुसून. बाबांनी फॉर्मात साखर लिहिली, हप्ता वाढला, ते दोन दिवस जेवताना त्याबद्दल बोलले. नागपूरहून थेट विमान नाही, त्यामुळे मध्ये एक रात्र कुठे काढायची हा वाद शिल्लक आहे.

ताईनं पोरासाठी त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट मागवलं, कारण बोटीवर मोठ्यांचीच असतात आणि मुलं त्यातून खाली निसटतात असं तिनं कुठेतरी वाचलं. ते परवा आलं. नारिंगी रंगाचं, दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं. चव्वेचाळीस डिग्रीत त्यानं ते अंगावर चढवलं आणि काढू देईना. कूलरसमोर तसाच झोपला. आत्या आली होती. तिनं बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग पट्ट्याचं बक्कल दोनदा उघडून लावून बघितलं.

"हे त्याले सोताले काढता येते काय?" तिनं विचारलं.

नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग ठीक आहे."